दूध संस्थेच्या वहीतून सॉफ्टवेअरकडे: ऑब्जेक्ट शोधायचे कसे, जोडायचे कसे, तपासायचे कसे

करवीर तालुक्यातल्या एका छोट्या दूध संस्थेत माझं सॉफ्टवेअर लागून आठवडा झाला होता. सकाळी सहाची पाळी. एका आजींनी किटली रिकामी केली, पावती घेतली आणि तिथंच थांबल्या. भिंतीवर चिकटवलेल्या दरपत्रकावर बोट ठेवून म्हणाल्या, "बाळा, मशीन म्हणतंय 6.3 आणि दर लावलाय ह्या वरच्या वळीचा. ह्यो तर 6.2 चा हाय."

आजींचं बरोबर होतं. मी फॅट, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाचा आकडा, दशांश अपूर्णांकात साठवली होती. दरपत्रक 5.0 फॅटपासून सुरू होतं, म्हणून त्यातली ओळ शोधायला फॅटमधून 5 वजा करून 10 ने गुणून पूर्णांक घेतला होता. कागदावर 13 येतात. पण संगणक 6.3 हा आकडा द्विमान (0 आणि 1 च्या) पद्धतीत अचूक साठवू शकत नाही, तो किंचित कमी साठवतो. गुणाकार 12.999999999999998 येतो आणि पूर्णांक घेताना त्याचे 12 होतात. 6.2 ला आणि 6.4 ला उत्तर बरोबर येतं, 6.1 ला आणि 6.3 ला एक ओळ चुकते. त्यामुळे चार-दोन पावत्या बघून कुणाला शंका येत नाही. ज्यांचं दूध नेमकं त्या फॅटचं, त्यांचं मात्र रोज नुकसान.

ओळ दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. खरा घोळ पुढे झाला. तोच हिशोब मी पावतीत, रजिस्टरमध्ये, दहा दिवसांच्या बिलात आणि दूध संघाला पाठवायच्या तक्त्यात असा चार ठिकाणी लिहिला होता. पावती सुधारली आणि बिल तसंच राहिलं. बिलाच्या दिवशी दोन्हींचा मेळ बसेना, आणि सचिवांना खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसांना उत्तर द्यावं लागलं.

तेव्हापासून कुठलंही काम हातात घेतलं की पहिला प्रश्न विचारतो: या नियमाचा मालक कोण? क्लास किती, आकृती कुठली, भाषा कुठली, हे सगळं नंतर. (ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र बांधलेला प्रोग्रॅममधला तुकडा, क्लास म्हणजे तशा ऑब्जेक्टचा आराखडा.) खालच्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत. शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रोजेक्ट, प्रबंध करणाऱ्यांना आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना त्या सारख्याच उपयोगी पडतील. उदाहरण दूध संस्थेचं घेतो, कारण तिचा हिशोब आपल्याकडे घरोघरी माहीत असतो.

पहिली पायरी: वही घेऊन पाळीला बसा

विश्लेषण म्हणजे सचिवांना फोन करून "तुम्हाला काय काय पाहिजे?" असं विचारणं नव्हे. किमान दोन सकाळच्या, दोन संध्याकाळच्या पाळ्या आणि बिल वाटपाचा एक दिवस संस्थेत बसून काढा. लॅपटॉप घरी ठेवा. माणूस नियम सांगताना सरळ सांगतो, अपवाद हात कामात असतानाच बाहेर येतात. मी बसलो असताना लाईट गेली तेव्हा सचिव काका सहज बोलून गेले, "लाईट गेली की मी वहीत लिवतो, मग सकाळी चढवतो." या एका वाक्यानं माझी आधीची सगळी मांडणी बदलली. दूध घेतल्याची वेळ आणि नोंद चढवल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दर पहिल्या वेळेनुसार लागायला हवा.

वर्गात बहुतेक वेळा शिकवतात की वर्णनातली नामं गोळा करा, त्यांचे क्लास होतील. दूध, उत्पादक, किटली, पावती, बिल. या शिकवणीची मुळं इतिहासात सापडतात. ऑब्जेक्टची कल्पना पहिल्यांदा आली ती ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्तेन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी घडवलेल्या सिम्युला 67 या भाषेत. तिचा उगम सिम्युलेशनच्या कामात होता. रांग, यंत्र, गिऱ्हाईक यांची संगणकात नक्कल करायची असेल तर प्रत्येक वस्तूला एक ऑब्जेक्ट हे सोयीचं पडतं. हिशोबाच्या कामात मात्र किटलीला क्लास देऊन काही साधत नाही. तिथं बदलतात ते नियम.

म्हणून वहीत नामं लिहू नका, नियम लिहा. प्रत्येक नियमापुढे तीन गोष्टी टिपा: तो कोण बदलतो, किती वेळा बदलतो, चुकला तर भुर्दंड कुणाला. माझ्या वहीतले काही नियम असे होते. दर ठरतो जनावर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) यांवरून, तो संघ बदलतो, आणि तो कुठल्या तारखेच्या कुठल्या पाळीपासून लागू हे परिपत्रकात असतं. बिल दहा दिवसांचं, पण महिन्याचं तिसरं बिल 21 पासून महिनाअखेरपर्यंत. पशुखाद्याची रक्कम आधी कापायची, उचल नंतर. बिल अपुरं पडलं तर उरलेली उचल पुढच्या बिलात.

एसएनएफचं उदाहरण जरा जवळून बघा. दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरच्या डिग्रीवरून ते काढायचं एक रूढ सूत्र असं: डिग्री भागिले 4, त्यात फॅटचा पाव हिस्सा, आणि वर 0.44. दुसरं रूढ सूत्र फॅटचा पाचवा हिस्सा घेतं आणि 0.66 मिळवतं. डिग्री 28 आणि फॅट 6.5 असेल तर पहिल्यानं 9.065 येतात, दुसऱ्यानं 8.96. एका दशांशापर्यंत पुढचे अंक नुसते कापले तर एकीकडे 9.0 आणि दुसरीकडे 8.9. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ ही गुणप्रत धरून ठरतो, तेव्हा हा एका दशांशाचा फरक थेट पैशात उतरतो. सूत्र कुठलं, अंक कापायचे की जवळच्या दशांशावर न्यायचे, हे सचिवांना विचारून वहीत लिहा आणि त्यांची सही घ्या. प्रोग्रॅमरनं मनानं ठरवायची ही गोष्ट नव्हे.

दुसरी पायरी: कार्डं मांडून प्रसंग चालवून बघा

1989 साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी कार्डांची एक साधी पद्धत मांडली. एका कार्डावर क्लासचं नाव, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे त्याला कुणाकुणाची मदत लागते. मी ती आजही वापरतो, कारण ती सचिवांच्या टेबलावर चालते आणि त्यांना संगणकातलं काही येण्याची गरज नसते.

पोस्टकार्डाएवढी दहा-बारा कार्डं कापून घ्या. प्रत्येक माणसाच्या हातात दोन-तीन कार्डं द्या आणि खरा प्रसंग चालवा: "काल संध्याकाळी लाईट गेली, आठ लिटर म्हशीचं दूध वहीत लिहिलं, आज सकाळी चढवायचं, आणि आज सकाळच्या पाळीपासून दर बदललाय." ज्याच्या हातात दूधनोंद आहे तो म्हणतो, "मला दर पाहिजे." दरपत्रकवाला विचारतो, "कुठल्या पाळीचा?" पावतीवाला हात वर करून सांगतो, "मला फॅट दे, एसएनएफ दे, लिटर दे, मी गुणाकार करतो." इथं थांबा. पावतीला स्वतःची माहिती नाही, ती सगळ्यांकडून मागून आणून दुसऱ्याचा हिशोब करते आहे. गुणाकार नोंदीकडे गेला पाहिजे, पावतीनं तो नुसता छापायचा.

कार्डावर न मावणारी जबाबदाऱ्यांची यादी दिसली की त्या क्लासचे दोन करायचे. ज्या कार्डाला कुणी हाकच मारली नाही ते फाडून टाकायचं. आमच्या टेबलावर "किटली" आणि "संकलन केंद्र" अशी दोन कार्डं फाटली.

डेव्हिड पार्नास यांनी 1972 च्या निबंधात हेच वेगळ्या शब्दांत मांडलं होतं: प्रोग्रॅमचे तुकडे कामाच्या क्रमानुसार पाडू नका, बदलण्याजोगा एकेक निर्णय एकेका तुकड्यात झाकून ठेवा. वहीतला "कोण बदलतो, किती वेळा" हा रकाना इथं कामी येतो. संघ बदलतो ते सगळं दरपत्रकात, संस्थेची सभा बदलते ते कपातीत, कॅलेंडर बदलवतं ते हिशोब-कालावधीत.

आकृत्यांबद्दल थोडक्यात सांगतो. यूएमएल ही सॉफ्टवेअरची मांडणी आकृत्यांनी दाखवायची पद्धत 1997 साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली आणि तिच्यात आकृत्यांचे बरेच प्रकार आहेत. एवढ्या कामाला एक क्लास आकृती आणि दोन-तीन अवघड प्रसंगांच्या क्रम-आकृत्या (कोण कुणाला कुठल्या क्रमानं निरोप देतो ते दाखवणाऱ्या) भरपूर होतात. प्रबंधाची पानं वाढवायला प्रत्येक प्रकार काढत बसू नका, परीक्षकही त्या वाचत नाहीत.

तिसरी पायरी: इनहेरिटन्सला हात घालण्याआधी

उद्यमनगरात वाढलेल्या मुलांना क्लास समजावताना पॅटर्न आणि कास्टिंगचा दाखला देतात: एक साचा, त्यावरून हवे तितके नग. सुरुवातीला तो दाखला चालतो, पण पुढे दिशाभूल करतो. ओतकामातला नग बाहेर पडला की पॅटर्नशी त्याचा संबंध संपतो. ऑब्जेक्ट मात्र जन्मभर आपल्या क्लासच्या नियमांनी वागतो आणि दुसऱ्या ऑब्जेक्टशी बोलत राहतो. इनहेरिटन्स म्हणजे मूळ क्लासचं वागणं वारशानं घेणारा पोटक्लास काढणं, आणि तो काढताना हे लक्षात ठेवावं लागतं.

पहिला मोह होतो तो दूध या क्लासखाली गाय-दूध आणि म्हैस-दूध असे दोन पोटक्लास काढायचा. दोघांच्या वागण्यात फरक काय? दरपत्रक वेगळं, एवढाच. मग तो फरक माहितीचा आहे, वागण्याचा नाही. नोंदीत जनावराचा प्रकार ठेवा आणि त्यावरून दरपत्रक निवडा. पोटक्लासची गरज नाही.

दुसरा मोह म्हणजे नासकं दूध हा दूधनोंदीचा पोटक्लास करून त्याची "रक्कम दे" ही मेथड (ऑब्जेक्टला सांगता येणारं काम) बोलावल्यावर चूक दाखवून थांबणं. बिल प्रत्येक नोंदीला रक्कम विचारत जातं, मध्येच एक नासकी नोंद येते आणि सगळं बिल बंद पडतं. बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 च्या भाषणात मांडलेलं आणि 1994 साली जीनेट विंग यांच्यासोबत नेमकेपणानं लिहिलेलं तत्त्व इथंच लागतं: जिथं मूळ क्लासचा ऑब्जेक्ट चालतो तिथं पोटक्लासचाही ऑब्जेक्ट बिनतक्रार चालला पाहिजे. नासक्या दुधाची रक्कम शून्य असेल तर शून्य द्या. ते बिलात धरायचंच नसेल तर ती दूधनोंद नव्हे, ती वेगळी "परत-नोंद" आहे.

इनहेरिटन्स शोभतं ते कपातीला. पशुखाद्य, उचल, विमा हप्ता, सगळ्यांना बिल एकच विचारतं: "एवढी रक्कम शिल्लक आहे, तू किती घेणार?" उत्तर प्रत्येकाचं वेगळं. इथं वागणं खरोखर वेगळं आहे. तरीही यात एक खड्डा आहे, तो तपासणीच्या पायरीत दाखवतो.

चौथी पायरी: प्रत्येक क्लासचा करार लिहा

बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल भाषेसोबत कराराची कल्पना रुजवली. मेथड बोलावणाऱ्यानं काय पाळायचं, मेथडनं बदल्यात काय द्यायचं आणि ऑब्जेक्टबाबत कायम काय खरं राहायचं, ही तीन कलमं. तुमची भाषा जावा असो वा पायथन, कोड लिहिण्याआधी ती मराठीत लिहून काढा. दरपत्रकाचा करार असा होता: "फॅट आणि एसएनएफ माझ्या तक्त्याच्या हद्दीत असतील तर मी नेमका एक दर देईन. हद्दीबाहेर असतील तर हद्दीबाहेर आहे असं सांगेन, जवळचा दर मनानं लावणार नाही." बिलाचं कायमचं कलम: एकूण रक्कम वजा सगळ्या कपाती म्हणजे हातात पडणारी रक्कम, आणि ती कधीही शून्याच्या खाली जाणार नाही.

इथंच फॅटसाठी एक छोटा स्वतंत्र क्लास करा. आत 6.3 ऐवजी 63 हा पूर्णांक ठेवा, रक्कम पैशांत ठेवा, आणि मशीनकडून आलेला आकडा एकदाच, दारातच, त्यात बदलून घ्या. एकदा हे केलं की आजींनी पकडलेली चूक पुन्हा लिहायला जागाच उरत नाही, कारण ओळ शोधायचा हिशोब करण्याचा हक्क दुसऱ्या कुणाकडे नाही.

पाचवी पायरी: तपासणी

टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर बरोबर येतं का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम, शेवटी लिहायच्या नसतात. करार लिहिला की त्याच संध्याकाळी त्याच्या टेस्ट लिहा. टेस्ट लिहायला जड जाते तिथं मांडणी चुकलेली असते, हा माझा रोजचा अनुभव आहे. माझा हिशोब-कालावधी हा क्लास आतूनच संगणकाची आजची तारीख वाचत होता, त्यामुळे फेब्रुवारीचं बिल तपासायला फेब्रुवारीची वाट बघावी लागली असती. तारीख बाहेरून द्यायला लागलो तेव्हा टेस्ट सोपी झाली आणि वहीतून उशिरा चढवलेल्या नोंदींचा प्रश्नही त्यातच सुटला. तिसऱ्या बिलाचे दिवस कधी 8, कधी 9, कधी 10, कधी 11 असतात. 28 फेब्रुवारी 2023, 29 फेब्रुवारी 2024, 30 एप्रिल आणि 31 मे या चारही टेस्ट हव्यात.

दरपत्रकाला नमुना तपासणी पुरत नाही. फॅट 5.0 ते 10.0 म्हणजे 51 ओळी, एसएनएफ 8.5 ते 9.5 म्हणजे 11 रकाने धरले तर 561 घरं होतात. संगणकाला हे काम क्षणाचं आहे, सगळी घरं तपासा. अपेक्षित उत्तरं मात्र भिंतीवरच्या छापील दरपत्रकावरून दुसऱ्या माणसाकडून टाइप करून घ्या. आपल्याच प्रोग्रॅममधून काढलेल्या तक्त्याशी आपलाच प्रोग्रॅम ताडून बघितला तर चूक चुकीशी जुळते.

बिलाच्या अवस्था तीन: उघडं, बंद केलेलं, वाटप झालेलं. घटना चार: नोंद घालणं, नोंद दुरुस्त करणं, बिल बंद करणं, वाटप करणं. बारा चौकटींचा तक्ता काढा आणि प्रत्येक चौकटीत काय व्हायला हवं ते सचिवांना विचारा. "वाटप झाल्यावर जुनी नोंद दुरुस्त करायची" ही चौकट आम्ही विचारलीच नव्हती. उत्तर निघालं की जुन्या बिलाला हात लावायचा नाही, फरक पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवायचा.

आता तो कपातीचा खड्डा. मूळ कपात क्लासमध्ये दोन मेथड होत्या. "किती घेणार" ही पोटक्लासनं बदलायची, आणि "उरलेलं पुढे ढकल" ही सगळ्यांना तशीच वापरायची. उचलीसाठी दोन्ही तपासल्या, पास झाल्या. विमा हप्त्याचा नियम वेगळा होता: घ्यायचा तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. त्याच्या पोटक्लासमध्ये फक्त "किती घेणार" बदललं. एका उत्पादकाचं शिल्लक बिल 180 रुपये, हप्ता 250. पूर्ण मिळत नाही म्हणून शून्य घेतलं, बरोबर. ढकलणाऱ्या मेथडनं 250 पुढच्या बिलाला जोडले, मागणी झाली 500. पुढचं बिल 400 चं. त्यात एक हप्ता आरामात बसला असता, पण पूर्ण 500 मिळत नाहीत म्हणून पुन्हा शून्य. थकबाकी वाढत गेली आणि हप्ता कधी कापलाच गेला नाही. ढकलणाऱ्या मेथडचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

ड्यूएन पेरी आणि गेल कायझर यांनी 1990 साली नेमकं हेच दाखवलं. एलेन वायुकर यांनी 1986 मध्ये मांडलेल्या तपासणीच्या कसोट्या त्यांनी ऑब्जेक्ट पद्धतीला लावल्या आणि निष्कर्ष काढला की मूळ क्लासमध्ये तपासलेली मेथड पोटक्लासच्या नव्या परिसरात पुन्हा तपासावी लागते. वारशानं आलेला कोड तपासून झालेला आहे असं धरता येत नाही. व्यवहारात करायचं ते असं: मूळ क्लासच्या कराराच्या टेस्ट एका जागी लिहा आणि प्रत्येक पोटक्लासवर त्या सगळ्या चालवा, त्यावर त्याच्या स्वतःच्या टेस्ट.

टेस्ट कितपत खऱ्या आहेत हे बघायला कोडमध्ये मुद्दाम चूक घाला. "किंवा जास्त" काढून नुसतं "जास्त" करा, अधिकच्या जागी वजा टाका. एकही टेस्ट पडली नाही तर तुमचं जाळं फाटकं आहे. ही कल्पना डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी 1978 मध्ये मांडली. जावासाठी पिट आणि पायथनसाठी म्यूटमट ही साधनं ते काम आपोआप करतात.

सहावी पायरी: मोजमाप, विशेषतः प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

"मी ऑब्जेक्ट पद्धतीनं सॉफ्टवेअर केलं" हे संशोधन होत नाही. प्रश्न मोजता येईल असा असावा: दर काढण्याचा नियम चार क्लासमधून एका क्लासमध्ये आणल्यावर, पुढच्या दरबदलाला किती क्लासना हात लागला?

मोजायला चिदंबर आणि केमेरर यांनी 1994 साली मांडलेली सहा मापं हाताशी आहेत: क्लासमधल्या मेथडचं एकूण वजन, वारशाची खोली, थेट पोटक्लासांची संख्या, इतर क्लासशी असलेलं गुंतणं, एका निरोपाला उत्तर देताना चालू शकणाऱ्या मेथड, आणि क्लासच्या आतल्या एकसंधपणाचा अभाव. बासिली, ब्रिआँ आणि मेलो यांनी 1996 मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या आठ प्रणालींवर ही मापं लावली. कुठल्या क्लासमध्ये चुका निघतील हे ओळखायला सहापैकी पाच उपयोगी दिसली.

इथं एक सावधगिरी बाळगा, कारण प्रबंधांत ती हमखास सुटते. मोठ्या क्लासमध्ये गुंतणंही जास्त असतं आणि चुकाही जास्त असतात. एल इमाम आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं की क्लासचा आकार हिशोबात धरला की बऱ्याच मापांचा चुकांशी दिसणारा संबंध विरून जातो. म्हणून ओळींची संख्या सोबत मोजाच. चुका कुठल्या क्लासच्या हे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासातून काढा, आठवणीवर जाऊ नका. एकाच संस्थेचं सॉफ्टवेअर तपासलं असेल तर निष्कर्ष तेवढ्यापुरताच लिहा. आणि उत्पादकांची नावं, खाते क्रमांक माहितीतून आधीच काढून टाका. कुणाच्या घरी किती दूध होतं आणि किती उचल आहे हे प्रबंधात छापायची गोष्ट नाही.

शेवटची पायरी: तीन बिलं जोडीनं चालवा

नवं सॉफ्टवेअर लावलं तरी वही लगेच बंद करू नका. पूर्ण एक महिना, म्हणजे तिन्ही बिलं, दोन्हीकडे हिशोब काढा आणि प्रत्येक उत्पादकाची रक्कम पैशापर्यंत जुळवा. जमलं तर 31 दिवसांचा महिना निवडा आणि त्यात एखादा दरबदल येऊ द्या. फरक निघाला की सॉफ्टवेअरच चुकलं असं समजू नका, आमच्याकडे दोनदा वहीतली बेरीज चुकलेली निघाली. पण प्रत्येक फरकाची टेस्ट लिहा, मगच तो दुरुस्त करा. छापील दरपत्रक भिंतीवर राहू द्या, पावतीवर फॅट, एसएनएफ आणि दर तिन्ही ठळक छापा, म्हणजे किटली घेऊन आलेल्या कुणालाही ओळीवर बोट ठेवून ताडून बघता येईल.